चौथा रकाना

बुलढाण्याच्या आमच्या ऑफिसात एक भिंत होती आणि तिच्यावर मी चार रकाने आखले होते. करायचं, चालू, झालं आणि अडचण. प्रत्येक कामाची एक रंगीत चिठ्ठी, चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव. काम पुढे गेलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात सरकायची. पहिले तीन रकाने कायम भरलेले असायचे. चौथा मात्र पाच महिने कोरा राहिला, आणि त्या कोऱ्या रकान्याचा मला फार अभिमान होता. पुण्याहून कोणी आलं की मी आधी त्याच्याकडे बोट दाखवायचे.

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी मूळची चिखलीची, शिक्षकाची मुलगी. शेत पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. शिकून पुण्याला गेले आणि चौदा वर्षं सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत काढली. पहिल्याच वर्षी एकदा बोलताना तोंडातून 'मला'च्या जागी 'मले' गेलं आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघी हसल्या. त्या दिवसापासून मी जीभ इतकी घासूनपुसून स्वच्छ केली की आईसुद्धा फोनवर म्हणायची, "कोन बोलून राह्यलं?" पुढे कंपनीनं बुलढाण्यात दोन खोल्यांचं लहान ऑफिस काढायचं ठरवलं. तिकडची माणसं सांभाळायला तिकडचंच कोणीतरी हवं, म्हणून मला पाठवलं.

काम कपाशीचं होतं. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीची कटकट संपली असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि काही वर्षं ती खरंच संपलेली होती. मग गुलाबी बोंडअळी त्याच बियाण्याच्या बोंडात शिरली. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत हाताला काही लागायचं नाही. आदल्या हंगामात शेतंच्या शेतं अशी गेली होती. म्हणून एका शेती-सेवा कंपनीनं गावोगाव त्या अळीच्या पतंगांचे सापळे लावले. सापळ्यात रोज किती पतंग अडकले ते गावातल्या एकानं मोजायचं, फोनवरून आमच्या प्रोग्रामला कळवायचं, आणि आकडा मर्यादेच्या वर गेला की त्या गावच्या शेतकऱ्यांना फवारणीचा मेसेज जायचा. प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. आम्ही म्हणजे मी धरून सात जण.

पुण्यात मी अजाइल पद्धतीचं तीन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं. कामाचे लहान तुकडे करायचे, दोन आठवड्यांची एक फेरी धरायची, फेरीच्या शेवटी जे झालं असेल ते गिऱ्हाइकाला दाखवायचं. रोज सकाळी सगळ्यांनी पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. पद्धत चांगली आहे, मी आजही तीच वापरते. पण तेव्हा मी तिचं पोथीसारखं पारायण करत होते. उभं राहायचं म्हणजे उभंच राहायचं, दहा वाजता म्हणजे दहालाच. चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं उडायला लागल्या तेव्हा खालच्या शिंप्याकडून टाचण्या आणल्या, पण पुस्तकात चिठ्ठ्या भिंतीवर म्हटल्यात म्हणून भिंत काही सोडली नाही.

सकाळच्या त्या उभ्या बैठकीत पुण्याचे साहेब फोनवर असायचे. स्पीकर टेबलाच्या मधोमध ठेवलेला. साहेबांना कळावं म्हणून मी सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की शुद्ध बोला. परिणाम असा झाला की एरवी जिन्यात एकमेकांची टर उडवत येणारी ही मंडळी फोनसमोर आली की मूग गिळून बसायची. "काल केलं. आज करणार. अडचण नाही." पंधरा मिनिटांची बैठक आम्ही सहा मिनिटांत संपवायचो. मला वाटायचं, काय शिस्त आहे.

सगळ्यात कमी बोलायची ती घाटाखालची मुलगी. मोताळ्याच्या पलीकडे तिचं खेडं. तिथून ती रोज बसनं घाट चढून यायची. बस दहाला दहा मिनिटं कमी असताना आली तर नशीब, नाहीतर ती धापा टाकत जिना चढायची आणि दारातूनच म्हणायची, "चालू आहे मॅडम. अडचण नाही." तिच्याकडे सगळ्यात नाजूक काम होतं. आलेला आकडा मर्यादेच्या वर आहे की खाली ते ठरवून मेसेज सोडायचा, तो भाग तिचा. तिची चिठ्ठी 'चालू'मध्ये अकरा दिवस एकाच टाचणीवर होती. मी रोज त्या चिठ्ठीसमोर उभी राहायचे आणि मला ती दिसत नव्हती.

डेमोच्या दिवशी शेती-सेवा कंपनीची दोन माणसं आमच्या ऑफिसात आली, साहेब पडद्यावर. सापळ्यांचे खरे आकडे घालून दाखवायचं ठरलं होतं. आकडे घातले आणि प्रोग्रामच्या नकाशावर घाटाखालची अकरा गावं एका दमात लाल झाली. आजच फवारा, असा मेसेज. पाहुण्यांपैकी वयानं मोठे होते ते चष्मा पुसत म्हणाले, "या गावांत तर पतंग नावालाच आहेत. मी परवा फिरून आलो." मग म्हणाले, "नको तिथं फवारायला लावणारा प्रोग्राम आम्हाला काय करायचाय?" आवाज त्यांनी चढवला नाही, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं.

पाहुणे गेल्यावर साहेबांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या डेमोपर्यंत बघ. नाही जमलं तर तिला मोकळं करू, इथून माणूस देतो. डेमो झाला की मला कळव, तिला ठेवायचं की नाही." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते बरोबरच वाटलं. गावातून रोज घाट चढून कॉलेज केलेली ती एकमेव मुलगी होती. ही नोकरी गेली तर तसली दुसरी आमच्या भागात नव्हती, आणि पुण्याला पाठवायला तिच्या घरचे तयार नव्हते. म्हणजे नोकरीबरोबर तिचं शिक्षणही घरी बसणार होतं. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी हो म्हटलं.

तिला मी आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावायच्या आधीच सुरुवात केली. अकरा दिवस काय केलं, रोज चालू आहे म्हणत होतीस ते कशाच्या जोरावर, मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस. ती खाली बघून ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "चूक कुठे आहे ते माहीत होतं मॅडम. पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

हे 'काऊन', आमच्याकडचं 'का', कुठून आलं मला कळलं नाही. चौदा वर्षांत ते तोंडातून गेलं नव्हतं. तिनं मान वर करून पाहिलं, आणि मग पहिल्यांदा ती माझ्याशी नीट बोलली.

"आमच्या गावात रेंज नाही मॅडम. घाटाखाली बाकीच्या गावांतबी तेच. सापळा रोज मोजतात, कागदावर लिहितात, अन् बाजाराच्या दिवशी मोताळ्याले गेले का आठ दिवसांचं संगंच पाठवतात. प्रोग्रामले वाटते, आठ दिवसांचे पतंग एकाच दिवशी आले."

"मग मोजल्याची तारीख धरायची ना."

"चिठ्ठीत तुमीच लिहिलं होतं, आकडे रोज येतील म्हणून. पाठवल्याचीच तारीख धरा म्हणून." तिनं आवाज खाली आणला. "फोनवर साहेब असतात. त्याईच्यासमोर तुमची चूक कशी सांगू?"

मी खुर्चीत बसले. तरीही माझं पुरतं ऐकायचं मन नव्हतं. म्हटलं, "बोलायचं नव्हतं तर चिठ्ठी चौथ्या रकान्यात तरी लावायची होतीस. त्यासाठीच तर तो आहे."

 खिडकीबाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं, तिकडे तिनं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "अळीच्या साली आमच्या गावात लय टीमा आल्या. फॉर्म घेऊन घेऊन. सगळे एकच इचारत, काय अडचण हाय. माझ्या बाबानं एकाले सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, फोटो काढला. तो पेपरात आला. खाली लिहिलं होतं, अडचणीतला शेतकरी. बाबा दोन महिने मोताळ्याच्या बाजारात गेला नाही. तवापासून आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही." आणि मग अगदी हळू, "अन् तुमी तो भिंतीवरच लिहून ठेवला. खाली नाव लावा म्हनता."

मला लाज वाटली. राग आला की मला शब्द सुचतात, लाज वाटली की सुचत नाहीत. मी तिला म्हटलं, जा, उद्या बघू. ती गेल्यावर बाहेर येऊन मी त्या कोऱ्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्याचं कौतुक करून घेताना मी दाखवलेलं बोट मला आठवत होतं.

रविवारी मी तिच्याबरोबर घाट उतरले. निमित्त सापळे बघायचं होतं. तिच्या गावातले सापळे मोजायचं काम तिचे बाबाच करत होते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांनी शाळेची वही काढून दाखवली. तारीख, सापळा, आकडा. एकही दिवस चुकलेला नव्हता. पोळ्याच्या दिवशीचीसुद्धा नोंद होती. मी वही हातात घेऊन विचारणार होते की हे काम करताना काय काय अडचण येते, आणि शब्द ओठावर आला तसा गिळला. म्हटलं, "अक्षर चांगलं आहे तुमचं." ते एवढंच म्हणाले, "सातवी झालो ना," आणि खूश झाले.

त्या दिवशी त्यांच्या शेतात पहिली वेचणी होती. पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवतात, सीतादही म्हणतात त्याला. तो ठेवून झाला, आणि मुलीची आई मला म्हणाली, "या बाई, धरा एक पात." पात म्हणजे कामाला उभं राहताना एकीच्या वाट्याला येणाऱ्या ओळी. सात-आठ बायका बांधाला लागून उभ्या राहिल्या, प्रत्येकीनं आपली पात धरली, मधली एक मला दिली. पोटाशी ओटी बांधून मी वेचायला लागले. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. अर्ध्या तासात सगळ्या बाया माझ्या पुढे गेल्या. मागे राहिलेली मी एकटी. आता कोणीतरी हसेल, कोणीतरी विचारेल, बाई जमत नाही का, म्हणून मी मान खाली घालून वेचत राहिले.

थोड्या वेळानं मान वर केली तर समोरून कोणीतरी माझ्याच पातीतून माझ्याकडे येत होतं. मुलीची आई. स्वतःची पात संपवून तिनं माझ्या पातीचं दुसरं टोक धरलं होतं आणि वेचत वेचत उलटी येत होती. अधल्यामधल्या कुठल्यातरी झाडापाशी आम्ही भेटलो. तिनं त्या झाडाचं शेवटचं बोंड वेचलं आणि पाण्याची कळशी होती तिकडे चालू लागली. मी मागून म्हटलं, "मला जमत नव्हतं, तुम्ही विचारलं पण नाही." ती वळली. तिला माझ्या प्रश्नाचं नवलच वाटलं असावं.

"पात मांगं राह्यली का दिसतेच नं बाई. इचारा काय लागते?"

परतीच्या बसमध्ये घाट चढेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी रोज सहा माणसांना उभं करून विचारत होते. विचारण्यापेक्षा बघणं सोपं होतं, आणि मला तेवढं सुचलं नव्हतं.

सोमवारी भिंतीवरच्या चिठ्ठ्या उतरवल्या. चौथा रकाना मी स्वतः पुसला. उरलेल्या जागेत प्रत्येकाच्या नावाची एक आडवी दोरी बांधली, कामाचे आठ-दहा टप्पे करून तिच्यावर खुणा केल्या, आणि चिठ्ठी कपड्यांच्या चिमट्यानं दोरीवर लावली. संध्याकाळी जाताना आपापली चिठ्ठी जिथवर काम झालं तिथवर सरकवायची. नियम एकच: दोन दिवस एखादी चिठ्ठी जागची हलली नाही तर ज्याचं काम उरकलं असेल त्यानं त्या दोरीचं दुसरं टोक धरायचं आणि तिथून आपला चिमटा अलीकडे सरकवत यायचं. काही विचारायचं नाही. बैठक साडेदहाला ठेवली, घाटाखालची बस आल्यावर. बसून, चहा घेत. साहेबांना मी आठवड्यातून एकदा स्वतः सगळं सांगेन म्हटलं आणि सकाळचा फोन बंद केला. ते म्हणाले, "हे अजाइल नाही." मी म्हटलं, "दोन आठवडे द्या." शुद्ध बोलायचं फर्मानही मागे घेतलं. ते तर कोणी पाळतच नव्हतं, फक्त गप्प राहून पाळल्यासारखं दाखवत होते.

तिच्या दोरीचं दुसरं टोक पहिल्यांदा धरलं ते आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या गड्यानं. तो बुलढाण्यातल्या पिंजाऱ्याचा मुलगा. वडील अजून गाद्या भरायचे आणि हा बँकेचे प्रोग्राम लिहून आमच्याकडे आलेला. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "माझं झालं मॅडम. मी तिकडून घेऊन राह्यलो." ती वहीतल्या तारखांच्या बाजूनं येत होती, तो मेसेज सोडायच्या बाजूनं. "भाई, इथं रिकामे दिवस आले तर काय करू?" "रिकामे राहू दे ना. खोटा आकडा काऊन भरतं?" असं चाललेलं. मी माझ्या टेबलावरून ऐकायचे आणि मधे बोलायचं नाही म्हणून दात दाबून बसायचे. माझ्यासाठी त्या फेरीतलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. पुढच्या गुरुवारी दोन्ही चिमटे एकमेकांना टेकले.

दुसऱ्या डेमोला तेच पाहुणे आले. आकडे घातले. अकरांपैकी दोन गावं लाल झाली, बाकीची शांत. चष्म्यावाले पुढे वाकून त्या दोन गावांची नावं वाचत म्हणाले, "हो, इथं आहे खरं." मला हायसं वाटलं, पण ते जेमतेम मिनिटभर टिकलं. पडद्यावरून साहेब म्हणाले, "छान. आता मागच्या वेळचं स्पष्ट करू, पाहुणेही आहेत. चूक कशानं झाली होती?"

ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती. तिला ठेवायचं की नाही ते मला त्याच दिवशी साहेबांना कळवायचं होतं. तिला ते माहीत होतं. लहान ऑफिसात असलं काही लपत नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "चूक तिची नव्हती. माझी होती. चिठ्ठीत मी लिहिलं होतं की..." आणि तिथे अडले. साहेब म्हणाले, "म्हणजे नेमकं काय?" मला सगळं माहीत होतं, पाठ होतं, पण पुढचा शब्द तोंडातून निघेना. पाच महिने रोज सकाळी मी या सहा जणांना जे सगळ्यांसमोर करायला सांगत होते, ते मला एकदा करता येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांनी नजर दुसरीकडे वळवली, ते तर आणखी वाईट.

"सर, आमच्या गावात रेंज नाही," टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

ती उठलीसुद्धा नव्हती. बाबांची वही समोर उघडून बसल्या बसल्या सांगत होती, आणि शुद्ध वगैरे काही नाही, घरी बोलते तसं. सापळा रोज मोजतात, बाजाराच्या दिवशी संगंच पाठवतात, म्हणून मोजल्याची तारीख धरा लागते. हे घाटाखाली राहणाऱ्यालेच माहीत असते, ऑफिसात बसून कोणालेही सुचलं नसतं. शेवटच्या वाक्याशी ती आली तेव्हा मला बोलता यायला लागलं होतं. मी म्हटलं, "ती तारीख मी चुकीची लिहिली होती. हिनं ती ओळखली होती, पण मला सांगता येईल अशी जागा मी ठेवली नव्हती."

चष्म्यावाल्यांनी वही मागून घेतली आणि पानं उलटत विचारलं, "कुणाची आहे?" ती म्हणाली, "माझ्या बाबाची," आणि हे सांगताना तिनं मान खाली घातली नाही.  मग साहेब मला म्हणाले, "तिला ठेवायचं की नाही ते आता कळवू नको. ती तिथेच हवी."

सगळे गेल्यावर मी तिला जिन्यापाशी गाठलं. आभार मानायचे होते, पण माझ्या स्वभावाप्रमाणे तोंडातून भलतंच निघालं. "तुला मधे बोलायला कोणी सांगितलं होतं?"

ती बॅग खांद्याला अडकवत होती. घाटाखाली जाणारी बस पाचची होती.

"कोणी नाही मॅडम," ती म्हणाली. "तुमची पात मांगं राह्यली होती."